शेगडीचा श्वास

पावसाळ्यात भांडुप स्टेशनबाहेर पडलात, की भाजक्या कणसाचा वास तुम्हाला गाठतोच. एकदा त्या कणीसवाल्याकडे नीट पाहा. एका हाताने तो कणीस फिरवीत असतो आणि दुसऱ्या हातातल्या पुठ्ठ्याने निखाऱ्यांना वारा घालीत असतो. वारा घातला की निखारे लाल होतात. हात थांबला की त्यांच्यावर राखेचा पांढरा थर चढतो. गिऱ्हाईक नसले, तर तो कोळसा काढून घेत नाही. फक्त वारा घालायचे थांबवतो. आग कमीजास्त करायची तर कोळशाला नव्हे, हवेला आवरावे लागते, हे तो रोजच्या कामातून शिकलेला असतो.

विद्यार्थिमित्रांनो, या एकाच गोष्टीचा आधार घेऊन आज आपण कोळशाच्या साध्या शेगडीची एक धुरीपेटी तयार करणार आहोत. धुरीपेटी म्हणजे मांस किंवा मासे मंद उष्णतेवर आणि लाकडाच्या धुरात शिजवण्याची पेटी. ती करताना ज्वलन, उष्णतेचे अभिसरण, पाण्याचा अप्रकट उष्मा आणि प्रकाशाचे विकिरण या पाठ्यपुस्तकातील चार गोष्टी आपल्याला प्रत्यक्ष भेटतील. पाचवी गोष्टही भेटेल. ती एक विषारी वायू आहे. म्हणून एक अट घालतो. लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय काडी ओढायची नाही, आणि घरातील मोठे माणूस जवळ असल्याशिवाय तर नाहीच.

भाजणे वेगळे, धुरावणे वेगळे

शेगडीवर जाळी ठेवून कोंबडीची तंगडी भाजली, तर तिला उष्णता मिळते ती मुख्यतः प्रारणाने. लालभडक निखाऱ्याचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअस असते. वस्तू जितकी तापलेली, तितकी ती अधिक उष्णता प्रारित करते, आणि हे प्रमाण केवलमानातील तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. निखारा १००० केल्विनला आणि धुरीपेटीची भिंत ३८० केल्विनला आहे असे धरा. १००० ला ३८० ने भागून येणाऱ्या संख्येचा चौथा घात काढा. उत्तर सुमारे ४८ येते. म्हणजे तेवढ्याच पृष्ठभागातून निखारा भिंतीच्या अठ्ठेचाळीसपट उष्णता फेकतो. म्हणूनच उघड्या निखाऱ्यावर तंगडी बाहेरून करपते, तरी हाडाजवळ ती कच्चीच राहते.

धुरीपेटीत मांसाला निखारे दिसता कामा नयेत. तेथे त्याला ११० ते १२० अंशांची गरम हवा हळूहळू शिजवते, म्हणजे काम अभिसरणाने होते. वेळ लागतो दोन-अडीच तास. तेवढ्या वेळात धुरातील पदार्थ मांसाच्या ओलसर पृष्ठभागावर बसतात.

ही कल्पना आपल्याकडे अगदी परकी नाही. रायगड जिल्ह्यातील मुलांना पोपटी ठाऊक असेल. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरतात, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करतात, मडके उपडे घालतात आणि भोवती जाळ करतात. जाळ मांसाला शिवत नाही. मडके तापते आणि पाल्याची वाफ आतला जिन्नस शिजवते. कोकणातल्या जुन्या घरांत चुलीच्या वर माळा असे. पावसाळ्यात ऊन नसताना बी-बियाणे आणि सुके जिन्नस तेथे धुरात कोरडे राहत. गोव्यात डुकराच्या मांसाचे चोरिस मीठ, व्हिनेगर आणि मसाल्यात मुरवून उन्हात वाळवतात. काही घरांत ते चुलीच्या धुरावरही टांगतात. वरणात किंवा मटणात पेटता निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडतात आणि झाकण घालतात, तो धुंगारही याच घराण्यातला.

मुंबईच्या किनाऱ्यावर मात्र मासे धुरावत नाहीत, वाळवतात. वेसाव्याला बांबूंच्या वलांडीवर ओळीने टांगलेले बोंबील तुम्ही पाहिले असतील. पावसाळा सोडला तर येथे भरपूर ऊन मिळते, मग लाकूड कोण जाळील? धुरी देण्याची पद्धत रुजली ती मुख्यतः थंड आणि दमट प्रदेशांत, जेथे मांस उन्हात वाळण्याची खात्री नसते. आपल्याच देशात नागालँडमध्ये चुलीवर टांगून धुरावलेले डुकराचे मांस घरोघरी असते.

कोळशात धूर का नसतो?

आता एक साधा प्रश्न. धूरच हवा आहे, तर तो कोळसाच का देत नाही? चांगला पेटलेला कोळसा जवळजवळ धूर न करता जळतो. असे का? उत्तरासाठी प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा.

घट्ट झाकणाचा एक लहान पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा. डब्यात अर्ध्यापर्यंत कोरडा लाकडाचा भुसा भरा, झाकण लावा आणि डबा बर्नरवर तापवा. थोड्या वेळाने भोकातून दाट पिवळट धूर येऊ लागेल. त्या धुराला पेटती काडी लावा. धूर स्वतःच ज्योतीने जळू लागेल! काही मिनिटांनी ज्योत लहान होत विझेल. डबा पूर्ण गार झाल्यावरच उघडा. आत भुशाऐवजी काळा कोळसा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डांबरासारखे चिकट थेंब दिसतील.

भुसा तापला, पण आत हवा नसल्याने तो जळला नाही. त्याचे अपघटन झाले. लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतात. सुमारे २०० अंशांपासून पुढे हे रेणू तुटू लागतात. त्यांतून पाण्याची वाफ, जळणारे वायू, ॲसेटिक आम्ल आणि फिनॉल गटातील अनेक पदार्थ बाहेर पडतात. धुरावलेल्या मांसाचा जो खास वास असतो, तो बराचसा लिग्निनपासून निघणाऱ्या ग्वायकॉल आणि सिरिंगॉल या फिनॉलांचा. मागे उरतो तो कार्बन, म्हणजेच कोळसा.

कोळशाच्या भट्टीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. लाकडाचा ढीग रचतात, त्यावर पाला आणि माती लिंपतात, हवेसाठी थोडी भोके ठेवतात आणि आत आग लावतात. लाकडाचा थोडा भाग जळतो आणि त्याच्या उष्णतेने उरलेल्याचा कोळसा होतो. हवेची भोके कधी उघडायची आणि कधी बुजवायची, यावर सारे अवलंबून असते. रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या अशा भट्ट्यांवर राबत आली आहेत, पुष्कळदा उचल घेऊन, घरदार सोडून. धुराचा रंग पाहून भट्टी कोठवर आली हे सांगणारे हे लोक आहेत. त्यांच्या मजुरीची गोष्ट वेगळी आणि कष्टाची आहे. पण शेगडीत कोळसा घालताना तो कोणाच्या हातून आला, हे आपल्याला माहीत असावे.

म्हणजे कोळशाचा धूर भट्टीवरच निघून गेलेला असतो. आपल्याला त्याच्याकडून मिळते ती फक्त उष्णता. धूर हवा असेल तर निखाऱ्यांवर थोडे लाकूड ठेवले पाहिजे, आणि ते भडकून जळू नये म्हणून हवा कमी दिली पाहिजे. धुरीपेटीची सारी युक्ती एवढीच आहे.

पेटीची रचना

बाजारात झाकणाची, खाली-वर हवेची झडप असलेली कोळशाची शेगडी मिळते. ती असेल तर काम सोपे आहे. निखारे एका बाजूला सारा, मांस दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि झाकणाची झडप मांसाच्या बाजूला येईल असे झाकण लावा. धूर निखाऱ्यांकडून निघून मांसावरून जाऊनच बाहेर पडेल.

पण आपण धरून चालू, की घरी आजीच्या वेळची बादलीची शेगडी आहे. तिच्यासाठी लागेल एक रिकामा, १५ किलोचा खाण्याच्या तेलाचा पत्र्याचा डबा. रंग, रॉकेल किंवा रसायनाचा डबा कधीही घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. निखाऱ्यांजवळ जस्ताची वाफ होऊ शकते आणि ती अपायकारक असते. डब्याचे वरचे आणि खालचे तोंड पत्रेवाल्याकडून कापून घ्या आणि कडा दुमडून घ्या, नाहीतर हात कापेल.

शेगडीच्या काठावर दोन लोखंडी पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर डबा उभा करा. डबा चौकोनी आणि शेगडी गोल, म्हणून राहिलेल्या फटी पत्र्याचे तुकडे आणि ओली माती लावून बुजवा. डब्याच्या तळाशी पट्ट्यांवर एक उथळ स्टीलचे पातेले ठेवा. ते डब्यापेक्षा लहान असावे, म्हणजे भोवतीने धूर वर जाईल. वरच्या कडेपासून चार बोटे खाली दोन सळ्या आरपार घाला आणि त्यांवर जाळी ठेवा. वर पत्र्याचे झाकण ठेवून त्याला ३ सें.मी. व्यासाचे भोक पाडा. शेगडीच्या खालच्या तोंडावर सरकवता येईल असा पत्रा लावा. झाकणापाशी ओव्हनचा गोल तबकडीचा तापमापी अडकवा. शाळेतील पाऱ्याचा तापमापी मुळीच वापरू नका. तो फुटला तर पारा अन्नात जाईल.

तेलाच्या डब्यावर बाहेरून रंग आणि छपाई असते. म्हणून पहिल्यांदा पेटी तासभर रिकामीच तापवा आणि थंड झाल्यावर स्वच्छ पुसून घ्या.

शेगडीला किती हवा लागते?

आता थोडे गणित करू. वही घेऊन बसा.

कोळसा ही शुद्ध कार्बन आहे असे मानू. १ किलो कोळसा जळून सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता मिळते. आपण अर्धा किलो कोळसा ४ तास पुरवायचा ठरवला. ४ तास म्हणजे १४,४०० सेकंद. १५ मेगाज्यूलला १४,४०० ने भागले, की साधारण १ किलोवॉट येतात. म्हणजे आपली शेगडी कपड्यांच्या इस्त्रीएवढ्या शक्तीची आहे.

१२ ग्रॅम कार्बनला पूर्ण जळण्यासाठी ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्या हिशेबाने अर्धा किलो कार्बनला १.३३ किलो ऑक्सिजन लागेल. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून हवा लागेल ५.८ किलो. ३० अंशांना एक घनमीटर हवेचे वजन १.१६ किलो असते. तेव्हा एकूण हवा झाली ५ घनमीटर, म्हणजे ५,००० लिटर. ती ४ तासांत, म्हणजे २४० मिनिटांत हवी. मिनिटाला सुमारे २१ लिटर! शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. म्हणजे आपली शेगडी तीन माणसांइतका श्वास घेते.

ही हवा आत ओढतो कोण? येथे पंखा नाही. पेटीतील ११० अंशांची हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते. तिची घनता होते घनमीटरला ०.९२ किलो. खालच्या तोंडापासून झाकणाच्या भोकापर्यंत उंची ६० सें.मी. धरा. घनतांमधील फरक ०.२४, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ०.६ यांचा गुणाकार केला, की दाबातील फरक येतो १.४ पास्कल. १ मि.मी. उंचीचा पाण्याचा थर ९.८ पास्कल दाब देतो. म्हणजे पाण्याच्या मिलिमीटरभर थराचा सातवा हिस्सा, एवढ्याशा दाबावर शेगडी चालते. एवढ्या दाबाने, वाटेत अडथळा नसेल तर, हवेला सेकंदाला सुमारे १.७ मीटर वेग येईल. कोळसे, राख, वळणे यांतून जाताना तो बराच कमी होतो. आपण तो ०.७ मीटर धरू. मिनिटाला २१ लिटर म्हणजे सेकंदाला ३५० घन सें.मी. त्याला वेगाने, म्हणजे ७० सें.मी.ने भागा. भोकाचे क्षेत्रफळ आले ५ चौरस सें.मी. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ जवळजवळ एवढेच असते.

शेगडीचे खालचे तोंड मोजून पाहा. ते सहज ८० चौरस सें.मी. भरेल, म्हणजे आपल्या गरजेच्या सोळापट! उघड्या शेगडीचा कोळसा तासाभरात का संपतो, ते आता कळले. फटींतून थोडी हवा येतेच, म्हणून खालचा पत्रा हिशेबापेक्षाही थोडा अधिक सरकवावा लागतो. आग आवरायची ती याच पत्र्याने. वरचे भोक मात्र उघडेच ठेवायचे. ते बंद केले तर धूर आत कोंडतो, त्यातील डांबरासारखे पदार्थ मांसावर साचतात आणि चव कडू होते.

निळा धूर, पांढरा धूर

पेटी नीट चालली आहे हे ओळखावे कसे? धुराकडे पाहून.

धूर हे वायूत तरंगणाऱ्या बारीक कणांचे आणि थेंबांचे कलिल आहे. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असतील, तर ते आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरतात. हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. लाल प्रकाशाची तरंगलांबी ७०० आणि जांभळ्याची ४०० नॅनोमीटर धरली, तर जांभळा प्रकाश नऊपटींहून अधिक विखुरला जातो. म्हणून असा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो. आकाशाच्या निळ्या रंगाचे कारणही हेच. कण मोठे झाले, की ते सर्व रंग सारखेच विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो. पेटत्या उदबत्तीच्या टोकापासून निघणारा धूर काळ्या कापडासमोर धरून पाहा. टोकाजवळ तो निळसर असतो. वर गेल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात.

दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओले आहे किंवा हवा फारच कमी पडते आहे. पुष्कळ लोक लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवून घालतात. त्याने काही साधत नाही. आधी ते पाणी उकळून जावे लागते आणि तोवर दिसते ती बरीचशी वाफच. कोरडे लाकूड घ्या, थोडे घ्या. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हा चांगला धूर.

लाकूड कोणते? पेरूच्या वाळलेल्या फांदीचे अंगठ्याएवढे तुकडे किंवा नारळाची करवंटी चालेल. प्लायवूड, रंगवलेले लाकूड, खोक्यांच्या फळ्या वापरू नका. कण्हेर तर कधीच नाही. ते झाड विषारी आहे. ओळख पटली नाही ती काटकी घालायचीच नाही, हा नियम पाळा.

पातेल्यातील पाणी आणि मांसाचा माठ

मध्ये ठेवलेल्या पातेल्यात दीड लिटर पाणी घालायचे. ते तीन कामे करते. निखाऱ्यांचे प्रारण मांसापर्यंत जाऊ देत नाही, वितळलेली चरबी निखाऱ्यांवर पडू देत नाही, आणि तापमानाला लगाम घालते. पाणी १०० अंशांवर उकळू लागले, की कितीही उष्णता दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. १ लिटर पाण्याची वाफ होताना २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. ४ तासांत १ लिटर पाणी उडाले, तर पातेले सतत १५० वॉटच्या आसपास शक्ती शोषून घेत होते असा अर्थ.

हाच अप्रकट उष्मा मांसातही आपला हिसका दाखवतो. मोठा तुकडा धुरावत ठेवला तर त्याचे आतले तापमान सुरुवातीला भराभर वाढते आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडून बसते. आग विझली असे वाटते. पण ती चालूच असते. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडते आणि ते जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मांस तापत नाही. पृष्ठभाग सुकला, की तापमान पुन्हा चढू लागते. तोवर धीर धरायचा. पत्रा उघडून आग वाढवायची नाही.

आता प्रत्यक्ष कृती

कोंबडीच्या पाच-सहा तंगड्या घ्या. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात त्या फ्रिजमध्ये ३ तास ठेवा. भांडुपकरांना मिठाची ओळख करून द्यायला नको. खाडीकाठची मिठागरे आपण लोकलच्या खिडकीतून पाहत मोठे झालो. मीठ मांसात शिरते आणि तेथील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढवते, त्यामुळे मांस कोरडे पडत नाही. तंगड्या काढून पुसा, हळद-तिखट लावा.

शेगडीत तळाशी न पेटलेला कोळसा भरा आणि वर मूठभर पेटते निखारे ठेवा, म्हणजे आग वरून खाली हळूहळू उतरत जाईल. पातेल्यात उकळते पाणी घाला. पेटी ११० अंशांवर स्थिर झाली, की लाकडाचे दोन तुकडे निखाऱ्यांवर ठेवा आणि तंगड्या जाळीवर मांडा. दर १० मिनिटांनी तापमान वहीत लिहा आणि खालचा पत्रा किती सरकवला तेही लिहा. हवेतील बदल आणि तापमानातील बदल यांत किती मिनिटांचे अंतर पडते, ते आलेख काढल्यावर दिसेल. झाकण सारखे उघडू नका. उघडताना चेहरा दूर ठेवा. कोंडलेल्या वायूंना एकदम हवा मिळाली, तर ते भपकन पेटतात. माझ्या भुवयांनी हा धडा घेतलेला आहे.

तंगडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. हाडाला न टेकवता जाड भागात अन्नाचा तापमापी खुपसा आणि ७४ अंश झाल्याची खात्री करा. मांस त्याच दिवशी खा. आपण येथे धुराने चव आणतो आहोत, मांस टिकवीत नाही. टिकवण्याला मिठाचे आणि पाणी सुकवण्याचे काटेकोर प्रमाण लागते. ते चुकले तर हवा नसलेल्या ठिकाणी वाढणारे बोट्युलिनम जातीचे जंतू प्राणघातक विष तयार करू शकतात. मांसाहार न करणाऱ्यांनी पनीर, बटाटे किंवा लसणाचे गड्डे ठेवून पाहावेत. भौतिकशास्त्र तेच राहते.

तोच वायू

आता त्या पाचव्या गोष्टीकडे येऊ. कार्बनला भरपूर हवा मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड होतो आणि दर मोलमागे ३९३ किलोज्यूल उष्णता मिळते. हवा अपुरी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड होतो आणि फक्त ११० किलोज्यूल मिळते. उरलेली उष्णता त्या वायूतच राहते. आपण धुरीपेटीत मुद्दाम हवा कमी करतो. म्हणजे चव देणारा धूर आणि हा वायू एकाच अपूर्ण ज्वलनातून जन्मतात. एक हवा आणि दुसरा नको, असे करता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. धुरावलेल्या मटणाचा तुकडा चिरला, तर कडेने एक गुलाबी पट्टा दिसतो. स्नायूंतील मायोग्लोबिन हे हिमोग्लोबिनचे भावंड. त्याला आगीतील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू चिकटून तो रंग पक्का होतो. मांसात जे घडते, ते जिवंत माणसाच्या रक्तातही घडते.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. एकदा धुरावणे आटोपल्यावर पाऊस आला. शेगडी भिजू नये म्हणून मी खालचा पत्रा बंद केला, वरचे भोकही बुजवले आणि ती उचलून बंद काचांच्या गॅलरीत ठेवली. ज्योत नव्हती, धूर नव्हता. शेगडी विझली असे मी समजलो. आई तेथेच तांदूळ निवडीत बसली होती. अर्ध्या तासाने तिचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. तिला वाटले, पित्त झाले. मला वेळीच उमगले म्हणून तिला उघड्यावर आणले, डॉक्टरांकडे नेले आणि ती बरी झाली. अपूर्ण ज्वलनाचे समीकरण मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या संध्याकाळी ते मला आठवले नव्हते. हवा तोडलेली शेगडी लगेच विझत नाही. ती कित्येक तास धुमसते, आणि त्या वेळी तिच्यातून हा वायू अधिक प्रमाणात निघतो.

म्हणून नियम पाठ करा. शेगडी नेहमी उघड्या आकाशाखाली. खोलीत, गॅलरीत, जिन्याखाली, तंबूत किंवा गाडीत कधीही नाही, निखारे विझल्यासारखे दिसले तरी नाही. काम झाल्यावर निखारे एकेक करून चिमट्याने पाण्याच्या बादलीत टाका. शेगडीजवळ कोणाला डोकेदुखी, चक्कर, मळमळ झाली, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

धुराचा हिशेब

धूर शेजाऱ्यांच्या घरातही जातो. हिवाळ्याच्या सकाळी टेकडीवरून खाली पाहिले, तर भांडुपवर धुराचा सपाट थर पसरलेला दिसतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम अशी उलटी स्थिती झाली, की धूर वर चढू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तो या हवेसाठीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये धुरावून किंवा खारवून प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगाच्या सिद्ध कारणांमध्ये केला आहे. तेव्हा ही पेटी रोजच्या जेवणासाठी नाही. वर्षातून एखाद्या रविवारी, मोकळ्या अंगणात, शेजाऱ्यांना सांगून करण्याचा हा प्रयोग आहे.

आता पुन्हा कणीसवाल्याकडे जाऊ. तो वारा घालतो तेव्हा शेगडीचा श्वास वाढवतो. आपण पत्रा सरकवतो तेव्हा तो रोखून धरतो. श्वास रोखलेल्या शेगडीजवळ आपला श्वास मात्र मोकळा असला पाहिजे.

विचार करा

१. पेटीची उंची ६० सें.मी. ऐवजी १२० सें.मी. केली, तर दाबातील फरक किती होईल? हवेचा वेगही दुप्पट होईल का?

२. थंडीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी खालचा पत्रा सारखाच ठेवला, तर आग केव्हा अधिक जोरात चालेल? का?

३. पातेल्यातील पाणी संपले, तर तापमानाच्या आलेखात कोणता बदल दिसेल?

४. आजी रात्री शेगडीतील निखाऱ्यांवर राख ओढून सकाळपर्यंत विस्तव राखत असे. राखेने नेमके काय केले? आणि त्या खोलीची खिडकी उघडी का असायला हवी होती?